विश्लेषण : बेस गिटारचा स्पीकर बॉक्स हलका हवा की दमदार? लिओ फेंडर यांचे आयुष्य काय सांगते?

दुर्गोत्सव आणि त्यापाठोपाठ लग्नसराई आली, की यवतमाळ जिल्ह्यातील ऑर्केस्ट्रांची धावपळ सुरू होते. आज वणी, उद्या पुसद, परवा उमरखेड. गायकाला माइक पुरतो, की-बोर्ड पाठीवर अडकवता येतो. बेस गिटार वाजवणाऱ्यापुढे मात्र दर वेळी एकच प्रश्न असतो. गिटार चार-साडेचार किलोची, पण तिचा आवाज काढणारा स्पीकर बॉक्स तीस-चाळीस किलोचा. तो गाडीत चढवायचा, मंडपाच्या पायऱ्यांवरून वर न्यायचा आणि मध्यरात्री पुन्हा उतरवायचा. कंबर वाचवण्यासाठी हलका बॉक्स घेतला तर आवाज पोकळ येईल, ही भीती. ती खरी किती आणि खोटी किती, हे समजून घ्यायचे तर बेस गिटार ज्यांनी बाजारात रुजवली त्या लिओ फेंडर यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते. गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

कोण होते लिओ फेंडर?

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. विदर्भातल्या वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. वयाच्या आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारणामुळे त्यांना लष्करात जावे लागले नाही.

त्यांचे एक मामा मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवत. त्यांनी भाच्याला गाड्यांच्या विजेचे टाकाऊ सुटे भाग आणि एक बॅटरी पाठवली. मामांच्या दुकानात त्यांनीच बनवलेला एक रेडिओ होता. त्याच्या स्पीकरमधून येणाऱ्या मोठ्या आवाजाने शाळकरी लिओ भारावून गेले आणि घरी येऊन रेडिओ दुरुस्त करू लागले. कॉलेजात मात्र त्यांनी हिशेबशास्त्र घेतले. इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही.

हिशेबनीस ते रेडिओ दुकानदार, हा प्रवास कसा झाला?

शिक्षण झाल्यावर फेंडर यांनी बर्फाच्या कारखान्यात नोकरी केली. त्याच काळात एका स्थानिक वाद्यवृंदाच्या प्रमुखाने त्यांच्याकडून नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी सहा ध्वनिक्षेपण संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे राज्याच्या महामार्ग विभागात हिशेबनिसाची नोकरी मिळाली, पण महामंदीत ती गेली. नंतर टायर कंपनीतली नोकरीही काही महिन्यांतच सुटली.

१९३८ मध्ये त्यांनी ६०० डॉलर कर्ज काढून फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तिथे रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेअर यायचे आणि वाजवून वाजवून बिघडलेले गिटारचे अ‍ॅम्पही यायचे. कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे कामही ते करत. म्हणजे आज आपल्याकडे तालुक्याच्या गावात साउंड सर्व्हिसवाला जे करतो, नेमके तेच.

या दुकानाने त्यांना जे शिकवले ते कारखान्यात शिकता आले नसते. कुठला भाग आधी जळतो, कुठला सांधा हादऱ्याने सुटतो, वादक सामान कसे आपटतात, हे रोज समोर दिसत होते. पुढे त्यांनी बनवलेली वाद्ये आणि अ‍ॅम्प उघडायला आणि दुरुस्त करायला सोपे असत, त्याचे मूळ इथे आहे.

बेस गिटारची गरज का पडली?

युद्धकाळात डॉक कॉफमन या वादक-कारागिराबरोबर त्यांनी भागीदारी केली. कॉफमन बाहेर पडल्यावर १९४६ मध्ये स्वतःची फेंडर कंपनी उभी राहिली. १९५० मध्ये त्यांची सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिलाच पुढे टेलिकास्टर हे नाव मिळाले.

इलेक्ट्रिक गिटार आल्याने वाद्यवृंदात एक नवा अन्याय सुरू झाला. खर्जाची बाजू तोवर डबल बेस सांभाळत होता. माणसापेक्षा उंच, उभे राहून वाजवायचे ते पोकळ लाकडी वाद्य गाडीत मावत नसे आणि अ‍ॅम्प लावलेल्या गिटारपुढे त्याचा आवाज ऐकूही येत नसे. शिवाय त्याला पडदे नसल्याने सूर बरोबर लावायला वर्षांचा रियाज लागे.

फेंडर यांनी १९५१ मध्ये यावर तोडगा काढला. गळ्यात अडकवता येईल अशी, भरीव लाकडाची, चार तारांची गिटार. तारेची लांबी ३४ इंच. पडदे असल्याने बोट ठेवले की सूर नेमका लागणार. म्हणून नाव दिले प्रिसिजन बेस. आज जगातल्या बहुतांश बेस गिटारी याच ३४ इंचांच्या मापावर बनतात.

वजनाचा प्रश्न मग सुटला का?

अर्धाच सुटला. डबल बेसचे मोठे पोकळ पोट हा त्याचा स्वतःचा ध्वनिवर्धक होता. भरीव गिटारला पोटच नाही. ते पोट आता वेगळे बनवून बाजूला ठेवावे लागणार होते, आणि तेच म्हणजे स्पीकर बॉक्स किंवा कॅबिनेट. फेंडर यांनी १९५२ मध्ये त्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प आणला. त्यात १५ इंचांचा एक स्पीकर होता. पुढच्या काही वर्षांत त्याऐवजी १० इंचांचे चार स्पीकर आणि मागून उघडी पेटी अशी रचना आली.

इथे भौतिकशास्त्र आडवे आले. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. हवेतील त्याच्या एका लाटेची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण दोन मोठ्या खोल्यांइतकी. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोर हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे विरळ होते. लाट इतकी लांब असल्याने मागची हवा वळसा घालून पुढे येते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. मागून उघड्या पेटीत खर्ज पातळ होतो तो यामुळे. बेसला मागून बंद किंवा मोजून-मापून भोक पाडलेला बॉक्स लागतो.

दुसरी अडचण आपल्या कानाची. मध्यम पट्टीतला आवाज जितका मोठा वाटतो तितकाच मोठा ४० हर्ट्झचा आवाज वाटायला हवा असेल, तर साध्या बोलण्याच्या पातळीला त्याची तीव्रता ३० डेसिबलहून अधिक वाढवावी लागते. म्हणून बेसला गिटारपेक्षा कितीतरी जास्त हवा हलवावी लागते.

परिणाम असा झाला, की बेससाठी बनवलेला बासमन जोरात वाजवला की आवाज फाटू लागे. बेसवाल्यांची ती तक्रार होती, पण गिटारवाल्यांना तोच फाटका आवाज आवडला. चार स्पीकरचा बासमन गिटारवादकांचा लाडका झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधील दुकानदार जिम मार्शल यांनी त्याच आराखड्यावरून आपला पहिला अ‍ॅम्प बनवला. बेसचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तेव्हा फेंडर यांच्या कंपनीने अ‍ॅम्प आणि स्पीकर बॉक्स वेगळे केले. आजच्या हेड आणि कॅबिनेट या जोडीची ही रुळलेली वाट.

बॉक्सचे गणित नेमके काय आहे?

फेंडर कानाने आणि अनुभवाने काम करत होते. हाती आलेला नमुना आसपासच्या वादकांना वापरायला द्यायचा, त्यांची तक्रार ऐकायची आणि पुन्हा टेबलावर बसायचे, ही त्यांची पद्धत. स्पीकर बॉक्सचे पक्के गणित त्या काळी हाताशी नव्हते. ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ते मांडले, रिचर्ड स्मॉल यांनी ७०च्या दशकात पुढे नेले आणि मग ते जगभर वापरात आले.

या गणिताचा गाभा हॉफमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. लहान बॉक्स, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तीनपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. आकड्यांत सांगायचे तर खर्ज तितकाच खोल ठेवून बॉक्सचे आकारमान निम्मे केले, की कार्यक्षमता निम्मी होते, म्हणजे तितक्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. आकार न वाढवता खर्ज एक सप्तक खाली न्यायचा म्हटले तर कार्यक्षमता आठपटीने घटते.

फेंडर यांच्या काळात वॉट महाग होते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणि त्याचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, दोन्ही जड. त्यामुळे उत्तर एकच उरे, बॉक्स मोठा करा. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेग या कंपनीने ३०० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणि १० इंचांच्या आठ स्पीकरचा बॉक्स आणला, तो याच विचाराचे टोक होता. त्या जातीचा बॉक्स आजही साठ किलोंच्या पुढे जातो.

फेंडर यांनी कंपनी का विकली?

१९५०च्या दशकात त्यांना सायनसचा चिवट जंतुसंसर्ग झाला. तो हटेना. प्रकृती ढासळत गेली. आपल्या हाती फार दिवस नाहीत, असे वाटून त्यांनी व्यवहार आवरायला घेतला. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. तेव्हा त्यांचे वय ५५ होते.

त्यानंतर काही वर्षांतच एका डॉक्टरांच्या उपचारांनी तो जुना संसर्ग बरा झाला. मृत्यूच्या भीतीने विकलेली कंपनी हातातून गेली होती आणि माणूस ठणठणीत होता. करारामुळे दहा वर्षे स्पर्धेत उतरता येणार नव्हते. स्वतःचे आडनाव तर वाद्यावर कधीच लिहिता येणार नव्हते, कारण ते आता दुसऱ्यांच्या मालकीचे होते.

फेंडर यांनी या नुकसानीचा हिशेब मांडत बसण्याऐवजी पुन्हा कामाचे टेबल गाठले. म्युझिक मॅन या नव्या कंपनीसाठी त्यांच्या चमूने १९७६ मध्ये स्टिंगरे ही बेस गिटार आणली. तिच्या आतच बॅटरीवर चालणारे छोटे सर्किट होते, ज्यामुळे खर्ज आणि तार स्वर वादकाला जागेवरच कमी-जास्त करता येत. पुढे जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. १९७९ मध्ये पत्नी एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. पार्किन्सनचा आजार जडल्यावरही त्यांचे कारखान्यात जाणे थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी, ८१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

स्टिंगरेसारख्या गिटारींनी स्पीकर बॉक्सची कसोटी बदलली. तारेवरची बोटांची टोकदार थाप, अंगठ्याचा फटका, हे सारे आता गिटारमधून स्वच्छ बाहेर पडत होते. जुना १५ इंची बॉक्स ते दाबून टाकी. खर्जाबरोबर वरचे स्वरही जसेच्या तसे देणारा, छोटा ट्विटर असलेला बॉक्स ही गरज बनली.

हलका बॉक्स मग शक्य कसा झाला?

तीन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे निओडिमियम चुंबक. १९८०च्या दशकात तो विकसित झाला. जुन्या फेराइट चुंबकाइतकीच ताकद तो फार कमी वजनात देतो. त्यामुळे १२ इंचांचा स्पीकर सात-आठ किलोंवरून तीन-चार किलोंवर येऊ शकतो. बेसच्या बॉक्समध्ये त्याचा सर्रास वापर मात्र फेंडर यांच्या निधनानंतरच सुरू झाला.

दुसरी गोष्ट क्लास-डी अ‍ॅम्पची. हा अ‍ॅम्प वीज उष्णतेत फारशी वाया घालवत नाही. ५०० वॉटचे हेड आज दोन-अडीच किलोंत मिळते. वॉट स्वस्त आणि हलके झाल्यावर हॉफमनच्या नियमातली कार्यक्षमता थोडी सोडून देणे परवडू लागले. बॉक्स लहान झाला.

तिसरी गोष्ट लाकडाची. एमडीएफची घनता घनमीटरला ७५० किलोंच्या आसपास, बर्च प्लायची ६८० च्या घरात, तर पॉप्लर प्लायची त्याहून बरीच कमी. आपल्याकडचे सागवान उत्तम लाकूड खरे, पण घनता ६५० च्या आसपास आणि किंमत मोठी. भरीव फळी ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, प्लाय तितके हलत नाही. पातळ, हलके प्लाय आणि आतून आडव्या पट्ट्यांचा आधार, ही आजची रीत आहे. पट्ट्या कमी पडल्या तर बॉक्सची भिंतच वाजू लागते आणि सूर गढूळ होतो. तंबोऱ्याच्या भोपळ्याने घुमावे ही अपेक्षा असते, स्पीकर बॉक्सच्या भिंतीने मात्र गप्प बसावे लागते.

या सगळ्यातून १२ इंचांच्या एका स्पीकरचा चांगला बॉक्स आज साधारण ११ ते १६ किलोंत बसतो. एका हाताने उचलता येईल इतका.

खरेदी करताना काय तपासायचे?

वॉटचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. तो स्पीकर किती वीज सोसतो एवढेच सांगतो, किती वाजतो हे सांगत नाही. आधी सेन्सिटिव्हिटी पाहावी. एका वॉटला एका मीटरवर ९७ डेसिबल देणारा बॉक्स आणि १०० डेसिबल देणारा बॉक्स यांतला फरक किरकोळ वाटतो, पण तो भरून काढायला दुप्पट वॉटचा अ‍ॅम्प लागतो.

दुसरे, खर्ज कुठपर्यंत उतरतो हे पाहताना त्या आकड्यापुढे किती डेसिबलची घट धरली आहे तेही पाहावे. ३ डेसिबलच्या घटीवर ५० हर्ट्झ आणि १० डेसिबलच्या घटीवर ४० हर्ट्झ, यांत पहिला बॉक्स अधिक दमदार असू शकतो. ४१ हर्ट्झपर्यंत सपाट उतरणाऱ्या बॉक्सचा हट्ट धरण्याचे कारणही नाही. त्या सुराचे ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वर स्वच्छ आले, की आपला मेंदू मूळ सूर भरून घेतो.

तिसरे, ओहम. ८ ओहमचे दोन बॉक्स एकत्र जोडले की अ‍ॅम्पवर ४ ओहमचा भार येतो. बहुतेक हलक्या अ‍ॅम्पना हे चालते. पण ४ ओहमचे दोन बॉक्स जोडले की भार २ ओहमचा होतो आणि ज्या अ‍ॅम्पची मर्यादा ४ ओहम आहे तो बंद पडू किंवा जळू शकतो. ८ ओहमचा एक हलका बॉक्स आधी घ्यावा आणि पैसे साठले की तसाच दुसरा, हा सुज्ञ मार्ग. छोट्या कार्यक्रमाला एक, मोठ्या मैदानाला दोन. वजन दोन फेऱ्यांत वाटले जाते.

चौथे, गिटारसाठीचा बॉक्स बेसला जोडू नये. त्यातील स्पीकरचा पडदा जास्त मागेपुढे सरकण्यासाठी बनलेला नसतो, खर्जाच्या एका जोरदार फटक्यात तो निकामी होऊ शकतो. स्थानिक सुताराकडून बॉक्स बनवून घेणार असाल, तर स्पीकर कंपनीने दिलेले आकारमान आणि भोकाचे माप तंतोतंत पाळावे. अंदाजाने पाडलेले भोक महागड्या स्पीकरलाही बदनाम करते.

पाचवे, बॉक्स दुकानात एकट्याने वाजवून ठरवू नये. बंद खोलीत भिंती खर्ज वाढवतात. उघड्या मंडपात तो आधार नसतो. शक्य असेल तर ढोलक, ऑक्टोपॅड आणि की-बोर्डसोबत, दहा-पंधरा पावले लांब उभे राहून ऐकावे.

मोठा आवाज हेच ध्येय का नसावे?

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे. ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते. शिवाय मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांपर्यंतचा आवाज मुख्य साउंड सिस्टीमच नेते, त्यासाठी बेसच्या अ‍ॅम्पमधून थेट वायर मिक्सरला जाते. मंचावरच्या बॉक्सचे काम उरते ते वादकाला आणि शेजारच्या ढोलकवाल्याला सूर स्पष्ट ऐकवण्याचे. त्या कामाला साठ किलोंचा बॉक्स लागत नाही. शिवाय कान गेला तर तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

हलक्या बॉक्सची एक किंमत मात्र मोजावी लागते. निओडिमियम स्पीकर महाग आणि बिघडला तर जवळपास त्याचा सुटा भाग मिळेलच असे नाही. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणून घेण्याआधी कोन आणि कॉइल बदलून मिळते का, स्पीकर नट-बोल्टने बसवला आहे की चिकटवला आहे, हे विचारून घ्यावे. फुलर्टनच्या दुकानात बसून इतरांचे बिघडलेले अ‍ॅम्प उघडणाऱ्या फेंडर यांनी आयुष्यभर हीच कसोटी लावली. वाद्य वादकाला नेता यावे, मागच्या रांगेला ऐकू यावे आणि बिघडले तर गावातच दुरुस्त व्हावे. तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर किलोचा आकडा कमी असल्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.